ऊन दाखवता येईल असा स्टुडिओ

घरातली एक खोली गाण्या-बोलण्याच्या रेकॉर्डिंगसाठी वेगळी काढायची ठरली की तिच्याकडून आपल्या मागण्या ठरलेल्या असतात. रस्त्यावरचा आवाज आत येऊ नये म्हणून ती घट्ट बंद हवी. आतला आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर जाड, मऊ, तंतुमय थर हवा. उजेड बेताचा चालतो, वर्दळ नको. टेबलाखाली तारांचा गुंता असतोच, आणि कोपऱ्यात दिवसरात्र कोमट राहणारी यंत्रं. झुरळ, उंदीर, कसर आणि वाळवी यांना घर करायला नेमकं हेच लागतं. त्यामुळे एरवी स्वच्छ असलेल्या घरातही स्टुडिओच्या खोलीला दोन पावसाळ्यांत कीड लागते आणि दर तीन महिन्यांनी फवारणीवाल्याला बोलावणं सुरू होतं. फवारणीने हे सुटत नाही, कारण चूक खोलीच्या बांधणीत असते.

माझा नियम साधा आहे. स्टुडिओत जे जे मऊ आणि जे जे पोकळ, ते उतरवून ऊन दाखवता आलं पाहिजे. ते शक्य नसेल तर निदान त्याच्यामागे बॅटरी मारून बघता आलं पाहिजे. गाद्या, धान्य, ठेवणीतली लुगडी यांना ऊन दाखवायची आपल्याकडची घरोघरची रीत ध्वनिशास्त्राच्या आड येत नाही. बऱ्याच ठिकाणी ती त्याला मदतच करते, हे आवाज शोषणाऱ्या पॅनेलच्या बाबतीत फार स्पष्ट दिसतं.

पण पॅनेलकडे जाण्याआधी अंड्यांचे ट्रे. अजूनही कित्येक खोल्यांच्या भिंतींवर ते चिकटवलेले दिसतात. आवाज शोषायला सच्छिद्र आणि पुरेशी जाडी असलेला पदार्थ लागतो; ट्रेचा पुठ्ठा दोन-तीन मिलिमीटरचा. मधल्या पट्टीत थोडा फरक पडतो, खर्जात काहीच नाही, आणि बाहेर जाणारा आवाज तर तो मुळीच अडवत नाही. दुसरीकडे, झुरळं पाळणारे लोक, म्हणजे प्रयोगशाळा किंवा सरड्यांच्या खाद्यासाठी झुरळं वाढवणारे, पेटीत त्यांना राहायला मुद्दाम अंड्यांचे ट्रेच ठेवतात. झुरळाला पाठ आणि पोट दोन्ही बाजूंनी काहीतरी टेकलेलं लागतं, आणि ट्रेमागच्या चिंचोळ्या खळग्यांत ते आयतं मिळतं. त्यात पुठ्ठा म्हणजे वाळवीचं अन्न, वर तो खळीने चिकटवला असेल तर कसरीचंही. आणि ठिणगी पडली तर तो भुरकन पेटतो. भिंतीवर ट्रे असतील तर बाकी काहीही करायच्या आधी ते उतरवून घराबाहेर टाकावेत. पिरॅमिड आकाराच्या स्वस्त फोमचीही फार वेगळी गत नाही. दमट हवेत काही वर्षांत तो पिवळा पडून भुगा होऊ लागतो, आणि गोंदाने चिकटवल्यामुळे तो काढून मागे काय चाललंय ते पाहताही येत नाही.

उदाहरणासाठी १० बाय १२ फुटांची, साडेनऊ फूट उंचीची खोली धरू. अशा खोलीत लांबीची पहिली घुमण्याची पट्टी साधारण ४७ हर्ट्झला येते, रुंदीची ५६ ला आणि उंचीची ५९ ला. शेवटच्या दोन इतक्या जवळ आहेत की पखवाजाची धूम, म्हणजे डाव्या मोठ्या तोंडाचा खर्ज, आणि बेसचा खालचा सूर तिथे हमखास फुगतो. तिथे भिंतीवरचे पातळ थर कामाचे नाहीत. कोपऱ्यांत किमान १०० मिमी जाडीचे, जमलं तर त्याहून जाड पॅनेल तिरके उभे करावे लागतात. बाकी खोलीला १२०० बाय ६०० मिमीचे, ५० मिमी जाडीचे आठ पॅनेल पुरतात: दोन्ही बाजूंच्या पहिल्या परावर्तनाच्या जागी, म्हणजे स्पीकरचा आवाज जिथे आदळून पहिल्यांदा कानाकडे येतो तिथे, दोन-दोन, दोन छताला, दोन पाठीमागच्या भिंतीला.

आत रॉकवूल घालावं, घनता ४८ ते ६० किलो प्रतिघनमीटर. एवढ्या आकाराची एक लादी पावणेदोन ते सव्वादोन किलो भरते, त्यामुळे चौकटीसकट पॅनेल एका माणसाला उचलता येतो. रॉकवूल दगड वितळवून काढलेल्या तंतूंचं असतं. वाळवी ते खात नाही, त्याला बुरशी धरत नाही. उंदीर मात्र त्यात बीळ करतो. त्याला अन्न नको असतं, ऊब हवी असते. म्हणून चौकटीच्या मागच्या बाजूला स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी स्टेपल करावी. पुढून कापड आणि मागून नुसतं कापड असा पॅनेल उंदीर मागूनच फोडतो, कारण अंधार तिकडे असतो.

चौकट ॲल्युमिनियमच्या सेक्शनची किंवा डब्ल्यूपीसीची (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेली) केली तर प्रश्नच मिटतो. लाकूडच वापरायचं असेल आणि ते पॅकिंगच्या खोक्यांचं पाइनवुड असेल, तर त्यावर एचटी हा शिक्का आहे का ते पाहावं. त्याचा अर्थ लाकडाचा गाभा किमान ३० मिनिटं ५६ अंश सेल्सिअसला तापवलाय, म्हणजे आतली कीड त्या वेळी मेली. पुढे नवी लागणार नाही याची हमी त्यात नाही. त्यासाठी ४०० ग्रॅम बोरिक आम्ल आणि ६०० ग्रॅम टाकणखार साधारण दहा लिटर गरम पाण्यात विरघळवून ते द्रावण कापलेल्या, रंग न दिलेल्या लाकडाला दोन-तीनदा भरपूर पाजावं. कापल्यानंतरच पाजायचं, कारण उघडी टोकंच सगळ्यात जास्त पितात. हातमोजे घालावेत, मुलांना लांब ठेवावं. आठवडाभर सावलीत वाळू द्यावं आणि मग पॉलिश किंवा रंग द्यावा. तसंच सोडलं तर दमट हवेत बोरेट हळूहळू धुपून जातं.

वरच्या कापडाला दोन कसोट्या. तोंडाजवळ धरून फुंकर मारली तर ती आरपार गेली पाहिजे, नाहीतर वरचे सूर कापडावरूनच परततात. आणि त्यात खळ नको. सुती कापड, खादी, गोणपाट दिसायला देखणं असतं, पण खळ असलेलं सुती कापड कसरीला फार आवडतं. विरळ विणीचं पॉलिस्टर घ्यावं आणि त्याची इलॅस्टिक लावलेली खोळ शिवून घ्यावी, म्हणजे ती काढून धुता येते. खोळीच्या आत, लादीभोवती पातळ नॉन-वोव्हन कापड गुंडाळलं की तंतू हवेत उडत नाहीत. लादी हाताळताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच.

आता टांगणं. पॅनेल भिंतीला चिकटवू नये. झेड क्लिपवर (एकमेकींत अडकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) किंवा दोन हुकांवर, भिंतीपासून ५० ते १०० मिमी पुढे टांगावा. भिंतीला लागून हवेचे कण जवळजवळ हलतच नाहीत. त्यांची हालचाल तरंगलांबीच्या पाव अंतरावर सर्वांत जास्त असते. त्यामुळे तोच ५० मिमीचा पॅनेल पोकळी सोडून लावला की आणखी खालच्या सुरांवर काम करू लागतो. म्हणजे लादी तेवढीच, खर्च तेवढाच, आणि शोषण जास्त. त्याच पोकळीतून हवा फिरते, ओल साठत नाही, आणि बॅटरी मारून वरपासून खालपर्यंत भिंत दिसते. खालची कड जमिनीपासून २०० ते ३०० मिमी वर हवी, दोन पॅनेल एकमेकांना टेकलेले नकोत. वाळवी उघड्यावर चालत नाही, मातीची नळी बांधत येते. पॅनेल असे सुटे टांगलेले असले की तिला ती नळी रिकाम्या भिंतीवर, आपल्या डोळ्यांसमोर बांधावी लागते. कोपऱ्यातले उभे पॅनेल लोक जमिनीपासून छतापर्यंत घट्ट बसवतात. त्यांना १५० मिमीचे लोखंडी पाय द्यावेत. त्या वितीभर उघड्या जागेमुळे खर्जाच्या शोषणात पडणारा फरक कानाला कळणार नाही एवढा लहान असतो.

बंदिस्तीच्या बाबतीत ध्वनी आणि कीड यांचं गणित आणखी जुळतं. दहा फूट रुंद, साडेनऊ फूट उंच भिंत घ्या. गिलावा केलेली नऊ इंची विटांची ही भिंत ५० डेसिबलच्या आसपास आवाज अडवते. तिच्यात तीन फुटी दार, आणि दाराखाली नेहमीची १२ मिमीची फट. ती फट भिंतीच्या क्षेत्रफळाच्या जेमतेम सव्वा हजारांश भरते. तरीही हिशेब केला तर सगळी भिंत मिळून २९ डेसिबलच्या वर जाऊ शकत नाही, मग दार कितीही जड असो. आणि उंदराचं पिल्लू १२ मिमीच्या फटीतून सहज जातं. घरातल्या छोट्या जातीच्या उंदराला तर ६ मिमी पुरते.

यावर आपल्याकडे उंबरा होता. नव्या फ्लॅटमधून तो गेला, कारण अडखळायला होतं. स्टुडिओच्या दाराला तो परत आणावा: २० मिमी उंचीची ग्रॅनाइटची पट्टी, दार तिच्यावर पुढून येऊन टेकेल अशी, आणि चौकटीच्या तिन्ही बाजूंसकट उंबऱ्यालाही ईपीडीएम रबराची गॅस्केट. दार बंद झालं की चारही कडांना सारखा दाब बसला पाहिजे. गॅस्केटच्या मध्ये कागदाची पट्टी धरून दार लावावं आणि पट्टी ओढून पाहावी. जिथे सहज सुटते तिथे आवाजही सुटतो. ब्रशची पट्टी झुरळाला बऱ्यापैकी रोखते, पण आवाजाला ती नसल्यासारखीच. दार स्वतः भरीव फ्लश डोअर हवं, ३५ मिमी. पोकळ दारात पुठ्ठ्याची मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असते. ती आवाज सोडते आणि वाळवी लागली तर बाहेरून महिनोन्‌महिने कळत नाही.

एसीच्या नळ्यांचं भोक ही दुसरी मोठी वाट. ते ६५ ते ७५ मिमीचं पाडतात, नळ्या घालतात आणि उरलेल्या जागेत प्लास्टर ऑफ पॅरिस नाहीतर पिवळा पीयू फोम भरतात. फोम इतका हलका असतो की खालच्या सुरांना तो दिसतच नाही, आणि उंदीर तो एका रात्रीत कुरतडतो. दोघांनाही अडवायला वजन लागतं. स्टेनलेस जाळीचा चोळामोळा करून नळ्यांभोवती ठासावा, मग दोन्ही बाजूंनी किमान २५ मिमी सिमेंट-वाळूचा १:४ माल, आणि शेवटी नळीच्या इन्सुलेशनभोवती न सुकणारी पुट्टी. कोकणात साधं स्टील वूल वापरू नये, खाऱ्या हवेत ते गंजून भुकटी होतं. एसीच्या पाण्याची नळी बाहेर जिथे सुटते तिथून पाली आणि झुरळं वर चढतात. तिला शेवटी एक वळसा देऊन त्यात पाणी राहील अशी व्यवस्था करावी. जाळी लावली तर शेवाळाने तुंबते आणि पाणी आत भिंतीवर येतं.

स्विचबोर्ड लोक विसरतात. दोन खोल्यांच्या सामाईक भिंतीत पाठीला पाठ लावून बोर्ड बसवलेले असतील तर मधली वीट जवळजवळ गेलेली असते; शेजारच्या खोलीतला टीव्ही तिथून ऐकू येतो. भिंतीतल्या नळ्यांतून झुरळं घरभर फिरतात तीही याच वाटेने. मेन बंद करून, बोर्ड उघडून प्रत्येक नळीचं तोंड तीच न सुकणारी पुट्टी भरून बुजवावं. खोलीमागे दीड तासाचं काम आहे आणि त्याचा दोन्हीकडे इतका उपयोग होतो की मी ते पॅनेलच्याही आधी करायला सांगेन.

तळमजल्याचं घर असेल तर आतल्या सजावटीला हात लावण्याआधी वाळवीचा बंदोबस्त करून घ्यावा. बांधून झालेल्या घरासाठी आयएस ६३१३ या भारतीय मानकाचा भाग ३ आहे: भिंत आणि जमीन जिथे मिळतात त्या रेषेत दर ३०० मिमीवर १२ मिमीचं भोक, प्रत्येक भोकात एक लिटर औषधाचं पाणी, मग सिमेंटने बुजवणं. दाराच्या चौकटीला वेगळी, लहान, तिरकी भोकं. हे काम जाजम आणि पॅनेल लागल्यावर कोणी नीट करू शकत नाही. भोकांच्या रेषेचे फोटो काढून ठेवावेत.

खोलीत खोली, उचललेली लाकडी जमीन, दुहेरी जिप्सम भिंत हे सगळं रेखाटनात फार आकर्षक दिसतं. तळमजल्यावर, मातीशी आणि जांभ्याशी लागून असलेल्या घरात मी ते करू नये असंच म्हणेन. जिप्सम बोर्डाच्या दोन्ही अंगांना कागद असतो आणि वाळवी तो कागद खाते. लाकडी बत्त्यांवर उचललेल्या जमिनीखालची चार इंच पोकळी कायमची अंधारी आणि दमट. तोच पैसा दार, खिडकी आणि जाड पॅनेलवर घालावा. दुहेरी भिंत टाळताच येत नसेल, तर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) चॅनेल, सिमेंट फायबर बोर्ड, आणि प्रत्येक पोकळीला गॅस्केट व स्क्रूचं झाकण असलेली ३०० बाय ३०० मिमीची खिडकी ठेवावी, जी खरोखर उघडली जाईल अशा जागी.

तारांकडे येऊ. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, म्हणून तो कुरतडतो. तारेत त्याला खायला काही नसतं. माइकच्या तारेत तो बाहेरचं वेष्टण फोडतो आणि आतली विणलेली जाळी उसवतो, आतल्या दोन तारा बहुतेकदा शाबूत राहतात. यातून एक विचित्र बिघाड होतो. डायनॅमिक माइक, ज्याला वीज लागत नाही, चालतो, फक्त थोडी घरघर वाढते. वीज लागणारा कंडेन्सर माइक मात्र पूर्ण बंद. लोक माइक दुरुस्तीला पाठवतात. खरं कारण असं की माइकच्या तारेतूनच जाणाऱ्या ४८ व्होल्टच्या विजेचा, म्हणजे फँटम पॉवरचा, परतीचा रस्ता ती जाळी, म्हणजे एक नंबरची पिन असते. जाळी तुटली की माइकला वीजच मिळत नाही. दोन किंवा तीन नंबरची तार तुटली असेल तर लक्षण वेगळं: आवाज येतो, पण पातळ आणि घरघरीसह. म्हणून कंडेन्सर गप्प झाला की आधी मल्टिमीटर घेऊन तारेच्या दोन्ही टोकांच्या १, २, ३ पिना एकास एक लागतात का ते पाहावं. मग तार बोटांच्या चिमटीतून सावकाश ओढावी. दातांच्या जोडीने पडलेल्या खाचा डोळ्यांआधी बोटांना लागतात.

तारा जमिनीवर पसरू देऊ नयेत. भिंतीवर हात-दीड हात उंचीवर आकड्यांत टांगाव्यात, सैल वेटोळी करून. पीव्हीसी पट्टीत कोंबलेल्या तारा नीटनेटक्या दिसतात, पण ती पट्टी उंदीर आणि झुरळं दोघांचाही बोगदा होते. टोकं पुट्टीने बंद केली तरच ती वापरावी.

यंत्रांना भिंतीपासून वितभर अंतर, आणि काम झालं की मुख्य बटण बंद. स्टँडबायवर राहिलेल्या स्पीकरच्या आतली ऊब झुरळांना थंडीत खेचते. मॉनिटर स्पीकरच्या मागच्या पोर्टमध्ये, म्हणजे हवेच्या भोकात, पाली राहतात आणि कुंभारीण माशी मातीचं घरटं बांधते. वापर नसेल तेव्हा फोमचा बूच घालावा, वापरताना आठवणीने काढावा. माइक संगणकाला जोडणाऱ्या इंटरफेसच्या रिकाम्या सॉकेटना डमी प्लग. बटणाच्या बोर्डात मुंग्या शिरल्या की एकीला शॉक बसतो, तिच्या अंगातून धोक्याचा वास सुटतो, त्या वासाने आणखी येतात, आणि थोड्याच वेळात संपर्कबिंदूंमध्ये मेलेल्या मुंग्यांचा थर साचून बटण खरखरू लागतं. चहा-बिस्किटं खोलीबाहेर, यात सवलत देऊ नये.

आता औषधं. कंडेन्सर माइकचा पडदा काही मायक्रॉन जाडीची, सोन्याचा मुलामा दिलेली प्लास्टिकची पापडी असते. हवेत फवारलेलं कोणतंही तेलकट औषध, अगरबत्तीचा किंवा कासवछाप कॉइलचा धूर, तिच्यावर बसतो, धूळ धरून ठेवतो आणि दमट हवेत तिथून विजेची गळती सुरू होऊन फुटाण्यासारखे आवाज येतात. तेव्हा फवारणी नाही, झुरळांसाठी जेल. सिरिंजमधून दोन-तीन मिलिमीटरचे थेंब, बिजागरीजवळ, टेबलाच्या खालच्या सांध्यांत, पॅनेलच्या हुकांमागे. जेल आणि फवारणी एकत्र करू नयेत, फवारलेल्या जागेकडे झुरळ फिरकतच नाही आणि जेल वाया जातं. घरात बाकीकडे फवारणी होणार असेल तर त्या दिवशी माइक हवाबंद डब्यात घालून दुसरीकडे न्यावेत आणि स्टुडिओचं दार लावून ठेवावं.

माइकच्या डब्यात डांबराच्या गोळ्या नकोत. त्यांची वाफ होते आणि थंड पृष्ठभागावर पुन्हा बारीक स्फटिक बनून बसते, पडदाही त्यातच आला. पाच लिटरच्या हवाबंद डब्यात १०० ग्रॅम सिलिका जेल पुरतं. नारिंगी रंगाचं घ्यावं, हिरवट झालं की १२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास सुकवून पुन्हा वापरावं. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचा क्षार असतो, ते स्वयंपाकघराच्या ओव्हनमध्ये नेऊ नये.

उंदरांना विष घालू नये. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या खाऊन उंदीर काही दिवसांनी मरतो, आणि तो कुठे मरेल ते आपल्या हातात नसतं. बंद खोलीत, छताच्या पोकळीत मेला तर कित्येक दिवस तिथे बसता येत नाही, आणि मागोमाग कातडं खाणारे भुंगेरे येतात, जे पुढे तबल्याकडे वळतात. पिंजरा लावावा, भिंतीला लागून, आत भज्याचा तुकडा नाहीतर सुकट. अल्ट्रासोनिक यंत्रांच्या वाटेलाही जाऊ नये. ती कीड पळवतात याला विश्वासार्ह आधार नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्येच अशा यंत्रांच्या उत्पादकांना आणि विक्रेत्यांना दाव्यांबद्दल ताकीद दिली होती. स्टुडिओत तर ते थेट नुकसान करतं: ९६ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ९६ हजार नमुने घेत, रेकॉर्ड केलं तर त्याच्या निम्म्या, ४८ किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं फाइलमध्ये उतरतं, त्या यंत्राची शिट्टीसुद्धा.

ओल हे सगळ्या किडीचं मूळ. पावसाळ्यात कोकणात हवेची आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या आसपास असते. आपल्या उदाहरणाच्या खोलीत ३२ घनमीटर हवा. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेत सव्वाआठशे ग्रॅम पाणी असतं. ५० टक्क्यांवर यायला साडेतीनशे ग्रॅमसुद्धा काढावं लागत नाही. तरी डीह्युमिडिफायरचा डबा रोज भरतो, कारण पाणी हवेपेक्षा भिंतींत, जाजमात आणि लाकडात जास्त असतं आणि ते हळूहळू बाहेर येत राहतं. म्हणून तो रेकॉर्डिंगच्या आधी दोन तास नव्हे, रात्रभर चालवावा आणि टेक घेताना बंद करावा. ५० ते ५५ टक्के हे सगळ्यांना मानवतं. त्याहून खाली नेलं तर तंबोऱ्याच्या तबलीला (भोपळ्यावरच्या लाकडी पृष्ठाला) तडे जाण्याची भीती.

वाद्यांच्या बाबतीत हळहळ जास्त वाटते, कारण पॅनेल पुन्हा करता येतो. पखवाजाच्या धुमेला लावलेली कणीक वादन संपल्यावर लगेच काढावी. बोथट काठाने खरवडून, ओलसर फडक्याने पुसून, पंख्याखाली वाळवून. उद्या पुन्हा बसायचंच आहे म्हणून ती तशीच ठेवली तर रात्रीत मुंग्या येतात, आणि मुंग्यांमागून झुरळं पुडीचं कातडंही कुरतडतात. तबल्याच्या शाईत लोखंडाच्या भुकटीबरोबर खळ असते, म्हणून शाईच्या कडा खाल्लेल्या सापडतात. तबल्याच्या पिशवीत वेखंडाची पुरचुंडी ठेवायची पद्धत चांगली आहे, त्रासदायक वास नाही आणि थोडा अटकावही होतो. पण तिच्या भरवशावर पिशवी चार महिने बंद ठेवू नये.

पेटीत कीड लागल्याचं आधी कानाला कळतं. पट्टी दाबली नाही तरी सूर वाजत राहिला तर त्या पट्टीखालची फेल्टची किंवा चामड्याची गादी खाल्ली गेलीय, ती भोक पूर्ण झाकत नाही. पट्टी दाबूनही सूर उमटत नसेल किंवा खरखरत असेल तर पितळी पाती आणि तिची चौकट यांच्यामध्ये किड्याचा पाय, पंख किंवा भुसा अडकलाय. झाकण काढून पातीच्या टोकाखालून पातळ कागदाची पट्टी अलगद सरकवली की तो निघतो. तोंडाने फुंकू नये, थुंकीच्या ओलीने पितळ काळवंडतं. भात्यावर दाब देऊन, एकही पट्टी न दाबता तो किती वेळात मिटतो ते दर दोन-तीन महिन्यांनी पाहावं. लवकर मिटायला लागला तर सांध्यांतला सरस कसरीने किंवा झुरळांनी खाल्लेला असू शकतो.

तंबोऱ्याचा भोपळा आणि लाकूड दोन्ही पोखरलं जातं. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ते वाद्य ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते गवसणीत कायमचं घालून ठेवू नये. उभा केल्या जागी खाली काळा कागद पसरावा. आठवड्याने त्यावर टाल्कमसारखी पिवळसर भुकटी दिसली तर भोक ताजं आहे, भुंगेरा आत आहे. भोकात घरगुती काही सोडू नये; कारागिराकडे न्यावं. वाद्यांना कडक ऊन दाखवायचं नाही, एवढा एक अपवाद. सकाळचं कोवळं, तेही सावलीच्या कडेला.

रेकॉर्डिंग चालू असताना ऐकू येणाऱ्या किडीपुढे मिक्सिंगमध्ये फारसं काही करता येत नाही. रातकिड्याचा आवाज चार-पाच किलोहर्ट्झच्या पट्टीत असतो, आणि शब्दांची धारही तिथेच असते. तो कापला की गायक लांब गेल्यासारखा वाटतो. रातकिडा पावलं ऐकून गप्प होतो, म्हणून शोधताना दोन ठिकाणी माइक ठेवून हेडफोनवर ऐकावं आणि जास्त मोठा येतो तिकडे माइक सरकवत जावं. बहुतेक वेळा तो दाराच्या गॅस्केटखाली किंवा एसीच्या भोकापाशी सापडतो. डासाची गुणगुण साधारण ४०० ते ६०० हर्ट्झ, नेमकी गळ्याच्या मधोमध. टेक घेण्याआधी एसी बंद करून, सगळ्यांनी श्वास रोखून, तीस सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करावी आणि ती मोठ्या आवाजात ऐकावी.

वर्षाचा क्रम मेपासून धरावा. मेच्या कडक उन्हात पॅनेल उतरवून अंगणात किंवा गच्चीवर उभे करावेत, खोळी धुवाव्यात, लादी दोन्ही बाजूंनी उलटून पाहावी. झोडपू नये, तंतू तुटतात. जाजम आणि उशा एका दुपारभर काळ्या पॉलिथिनमध्ये गुंडाळून उन्हात ठेवल्या तर आतपर्यंत तापतात. त्याच दिवशी रिकाम्या भिंतींचे फोटो घ्यावेत, म्हणजे पुढे एखादी मातीची रेषा नवी आहे की जुनी ते कळतं. पावसाळाभर दर पंधरवड्याला पॅनेलमागे बॅटरी. दिवाळीच्या आवराआवरीत पुन्हा एकदा उन्हं.

पहिला पाऊस पडून गेल्यावरच्या संध्याकाळी वाळवीची पाखरं उडतात. त्या संध्याकाळी स्टुडिओचे दिवे बंद ठेवून खिडक्या लावून घ्याव्यात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पंख कुठे गळून पडलेत ते पाहावं. खिडकीबाहेर, व्हरांड्यात पडले असतील तर ते बाहेरचं वारूळ आहे, झाडून टाकावेत. बंद खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर पंख सापडले तर पाखरं घरातूनच निघालीत. मग त्या भिंतीचे सगळे पॅनेल उतरवावेत, चौकटीवर आणि स्कर्टिंगवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत पोकळ आवाज शोधावा, आणि औषध भरून झाल्यावरही महिनाभर ती भिंत तशीच उघडी ठेवावी. तेवढ्या दिवसांत रेकॉर्डिंग करायचं झालं तर पॅनेल खोलीच्या मध्यावर, गायकाच्या पाठीमागे स्टँडवर उभे करावेत. आवाजाला तिथेही ते चालतात.